सव्वा महिन्याच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव – कारण काय असू शकतं?

कोठीची_वहिनी | रात्री १०:४२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतेय. आज बसलेच, कारण माझी स्वतःची तारीख आता सहा आठवड्यांवर आलीय आणि हे डोक्यातून जात नाही.

गेल्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे बडोद्याला आली. सासर नागपूरचं. नाव इथल्या चांगल्या दवाखान्यात घातलेलं. तारखेला तीन आठवडे असताना एका जवळच्या साखरपुड्याला तालुक्याच्या गावी गेलो. सासूबाई नको म्हणत होत्या, पण दीड तासाची तर वाट. तिथेच पाणी गेलं. जवळ जे नर्सिंग होम होतं तिथे नेलं आणि दोन तासांत सुटली. मुलगा, दोन किलो सातशे, जन्मल्याबरोबर रडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. सगळे म्हणाले, किती सुखाची सुटका!

पस्तीस दिवस बाळ अगदी छान. अंगावरचं दूध, वरचं काही नाही. मग एक दिवस नाकातून रक्ताची बारीकशी रेघ आली. नखाने ओरखडलं असेल म्हणून पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी दंडावर तुरीच्या डाळीएवढा निळसर डाग. वाटलं, घोडियाची कडी लागली. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: घोडियं म्हणजे इथला पाळणा.) तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालणाऱ्या मावशी नेहमीसारख्या आल्या. तेल लावलं, टाळू भरली, पायावर घेऊन अंघोळ, शेक. एरवी अंघोळ झाली की हा दोन तास गाढ. त्या दिवशी झोपेना. नुसतं बारीक, चिरक्या आवाजात किंकाळल्यासारखं रडणं. दूध ओढेना. दुपारी मी मांडीवर घेतला तर कणकेच्या गोळ्यासारखा पांढरा पडलेला आणि डावा हात ठेक्यात उडत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी हात धरून पाहिला तर माझ्या मुठीतही तसाच उडत राहिला. टाळू टम्म.

सीटीत मेंदूच्या उजव्या बाजूला मोठा रक्तस्राव. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पडला-बिडला का हा नव्हे. विचारलं, "जन्मल्यावर 'के'चं इंजेक्शन दिलं होतं?" कार्ड काढलं. बीसीजी, पोलिओ, कावीळ, तिन्हींपुढे तारीख आणि सही. 'के'चा रकाना कोरा.

सोळा दिवसांनी बाळ घरी आलं, पण तोवर घरात निवाडा होऊन गेला होता. सासूबाई म्हणाल्या, मावशींचा अंगठा टाळूवर जोरात पडला. नणंदेच्या सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडे असताना झालं हो." शेजारच्या बेन म्हणाल्या, नजर लागी गई. नणंद स्वतः म्हणते, मी साखरपुड्याला जायलाच नको होतं. मावशींना त्या दिवसापासून घरी बोलावलेलं नाही. कारणही कुणी सांगितलं नाही. त्यांना आणणारी मी होते.

मला सरळ विचारायचंय, एवढ्याशा बाळाला ब्रेन हॅमरेज होतं कशाने? हे सगळं खरंच त्या एका कोऱ्या रकान्यामुळे असू शकतं? आणि माझ्या वेळी मी काय बघून घेऊ?

---

रावपुरेकर | रात्री ११:०५

वाचून काटा आला. बाळ कसं आहे आता?

---

कोठीची_वहिनी | रात्री ११:११

पुढच्या महिन्यात वर्षाचा होईल. हसतो, बसतो, 'मामा' म्हणतो. डावी मूठ मात्र सहसा उघडत नाही.

---

स्टेथोधारी | सकाळी ६:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नवजातांच्या आयसीयूत पंधरा वर्षं काढलीत. तुमच्या बाळाचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा निदान त्याच्या डॉक्टरांचंच. पण तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या पुस्तकातल्या वर्णनाशी जवळजवळ शब्दशः जुळतं, म्हणून सविस्तर लिहितो. ओपीडीला वेळ आहे.

रक्त गोठायला जे घटक लागतात त्यातले चार (दुसरा, सातवा, नववा, दहावा) यकृतात तयार होतात आणि त्यांना कामाला लावायला 'के' जीवनसत्त्व लागतं. नावातला के हा जर्मन-डॅनिश 'कोआग्युलेशन'चा, म्हणजे गोठण्याचा. हेन्रिक डाम आणि एडवर्ड डॉइझी यांना यावर १९४३ चं नोबेल मिळालं. आता गंमत अशी की प्रत्येक बाळ, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, या 'के'च्या बाबतीत कफल्लक जन्माला येतं. वारेतून ते फारसं पलीकडे जात नाही. आतड्यातले जंतू थोडं 'के' बनवतात, पण नव्या बाळाचं आतडं त्यासाठी तयार नसतं. आणि आईच्या दुधात ते लिटरमागे फार तर १ ते ४ मायक्रोग्रॅम. आईने पालेभाजी खाल्ली नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. तब्येतीने उत्तम, मेथी-पालक खाणाऱ्या बाईच्या दुधातही एवढंच असतं. दूध बंद करून डबा सुरू करा, असाही अर्थ नाही! बाकी सगळं आईच्या दुधात आहे, हे एक तेवढं बाहेरून द्यावं लागतं.

ते दिलं नाही तर रक्तस्राव तीन वेळांना होऊ शकतो. पहिल्या चोवीस तासांत, तेव्हा बहुधा आईला फिट्सची औषधं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन), टीबीची औषधं किंवा वॉरफरिन चालू असतं. दुसऱ्या ते सातव्या दिवसात, तेव्हा नाळ, शी, उलटी यांतून रक्त जातं. आणि तिसरा, सगळ्यात कपटी प्रकार, दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, पण सर्वाधिक तुमच्या त्या सव्वा महिन्याच्या आगेमागे. यात निम्म्याहून जास्त बाळांना थेट मेंदूतच रक्तस्राव होतो. अंगावर पिणारं, बाळसं धरलेलं, कुणाला शंका येणार नाही असं बाळ असतं. काही वेळा आधी चार-आठ दिवस छोटी सूचना मिळते. नाकातून रेघ, एखादा निळा डाग, बेंबीतून थेंब. तुमच्या घरी मिळाली होती. ओळखली नाही याचा दोष तुमचा नाही, कुणी सांगितलंच नसेल तर कशी ओळखणार?

इंजेक्शन एकच, मांडीत, १ मिलिग्रॅम. एक किलोच्या आतल्या बाळाला अर्धा. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची सूचना आहे की प्रत्येक नवजाताला, सरकारी असो की खाजगी, ते द्यायचं. काहीच दिलं नाही तर हा उशिराचा प्रकार पाश्चात्त्य आकड्यांत लाखात ४ ते ७ बाळांना होतो, आशियातले आकडे याहून जास्त आहेत.

तुमच्या बाळाच्या फाइलमध्ये 'पीटी' नावाची तपासणी बघा, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते ती मोजते. 'के' देण्याआधी ती खूप लांबलेली आणि दिल्यावर काही तासांत सावरलेली असेल तर कोऱ्या रकान्याचं उत्तर तिथेच आहे.

आणि हो, मावशी. हा रक्तस्राव आपोआप होतो. मार लागावा लागत नाही. तेल लावण्याच्या हाताने तो झाला असं म्हणायला मला तुमच्या लिहिण्यात काहीही दिसत नाही. शिवाय डाग आणि रेघ आधीच आले होते ना.

---

पिंपळपार | सकाळी ९:३३

डॉक्टरसाहेब, सगळंच 'के'वर ढकलू नका. माझ्या भाच्याला 'के' दिलेलं, कार्डावर लिहिलेलं. तरी दुसऱ्या दिवशी फिट्स आल्या, मेंदूत रक्त. व्हॅक्यूम लावून ओढला होता. आम्ही शंभरदा म्हटलं होतं सिझर करा. माझ्या मते निम्मी प्रकरणं अशीच, आणि दवाखाने कबूल करत नाहीत.

---

स्टेथोधारी | दुपारी २:५०

ढकलत नाही. वहिनींचं बाळ पाच आठवड्यांचं होतं, तुमचा भाचा दोन दिवसांचा. गोष्टी वेगळ्या.

बाळाचं डोकं धरून ओढायचा चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम म्हणाल तर धोका वाढतो, हे खरं. पण १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या जवळपास पावणेसहा लाख पहिलटकरणींच्या बाळांचा हिशोब छापला गेला होता, तो मला कायम आठवतो. मेंदूतला रक्तस्राव व्हॅक्यूमने ८६० त एकाला, चिमट्याने ६६४ त एकाला. आपोआप सुटलेल्यांत १९०० त एकाला. आणि कळा सुरू होऊन मग सिझर झालेल्यांत? ९०७ त एकाला. म्हणजे व्हॅक्यूमच्या जवळपास तेवढंच. कळांआधीच सिझर झालं तर २७५० त एकाला. यावरून त्यांनी काढलेला अर्थ असा, की बाळ अडणं हाच मोठा भाग धोक्याचा. कशाने बाहेर काढलं हा त्यामानाने लहान.

आणखी एक. सुखरूप जन्मलेल्या, काहीही त्रास नसलेल्या १०१ बाळांचे एमआरआय काढले, त्यात ४६ जणांच्या कवटीच्या आत पातळसा रक्ताचा थर सापडला. तीन महिन्यांत सगळ्यांचा विरघळला. जन्म हाच मुळात डोक्यासाठी दांडगाईचा प्रकार आहे. त्यामुळे फिल्मवर रक्त दिसलं म्हणजे कुणीतरी चूक केली, असं समीकरण मांडता येत नाही.

वेळेवर जन्मलेल्या बाळाला पहिल्या आठवड्यात झालं की आम्ही बाकीचं शोधतो. प्लेटलेट्स कमी आहेत का, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) आहे का, जंतुसंसर्ग, रक्तवाहिनीची जन्मजात गाठ किंवा गुंता, एखादं जनुक (सीओएल४ए१ नावाच्या जनुकात बिघाड असला की वाहिन्यांच्या भिंतीच कच्च्या असतात), आणि मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी. ही शेवटची लोकांना पटत नाही. गुठळी आणि रक्तस्राव तर उलट! पण परत जाणारी शीर तुंबली की मागे दाब वाढतो आणि वाहिनी फुटते. मे महिन्यात दूध नीट न मिळालेलं, कोरडं पडलेलं, तापलेलं बाळ येतं तेव्हा आमच्या मनात ही गुठळी असतेच.

आणि हे सगळं तपासूनही? २००९ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाचा एक अभ्यास आला. सव्वातीन लाख जन्मांत २० बाळं. त्यातल्या चौघांच्या प्लेटलेट्स कमी, एकाला वाहिनीची गाठ. उरलेल्या पंधरांचं कारण सापडलंच नाही. ही अशी बाजू आहे. पालकांना सगळ्यात जड हेच वाक्य जातं.

---

पिंपळपार | दुपारी ३:१५

८६० आणि ९०७. हं. बहिणीला दाखवतो. ती अजून मला "तू सह्या का केल्यास" म्हणते.

---

आजी_दांडियाबजार | दुपारी ४:०२

माझी पाच नातवंडं मी पायावर घेतली आहेत, तेव्हा मला बोलू द्या. टाळू "भरते" ती तेलाने नव्हे, हे मला माझ्याच सुनेने शिकवलं. पुढची टाळू दीडेक वर्षात आपली आपण भरते, तेल घाला न घाला. मी तरी घालते. हाताला सवय.

पण टाळू बघायची कशी ते मी सांगते, डॉक्टर चुकलं तर सांगतील. बाळ शांत असताना, उभं धरून, बोटांच्या पेरांनी. रडताना ती फुगतेच, तेव्हा बघू नये. थोडी लपलपते, उडते, ते बरोबर. खळगा पडला असेल तर बाळाच्या पोटात पुरेसं गेलेलं नाही. आणि शांत असूनही ताठ, वर आलेली असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवून रिक्षा बोलवायची.

आणि मेलं ते नाक ओढणं, डोकं गोल करायला दाबणं, उलटं धरून झटकणं, ते बंद करा. आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, एक बाई होती, बाळाला हवेत उडवून झेलायची. सगळे कौतुकाने बघायचे. मला तेव्हाही पोटात गोळा यायचा.

---

स्टेथोधारी | दुपारी ४:२०

आजी, शंभर पैकी शंभर. गदागदा हलवणं मात्र खरोखर मेंदूत रक्तस्राव घडवतं, ते मालिशीच्या खात्यात टाकू नये.

---

नऊशे_ग्रॅमचा_बाप | रात्री ९:४७

आमचं प्रकरण अगदी वेगळं, पण शीर्षक बघून राहवलं नाही.

मुलगी २८ व्या आठवड्यात. ९०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी टाळूवर जेल लावून त्या खिडकीतूनच सोनोग्राफी केली. (तोवर मला टाळू म्हणजे तेल लावायची जागा एवढंच माहीत.) डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या ग्रेडचा ब्लीड. मी विचारलं, दुसरा म्हणजे किती पैकी? चार पैकी. १९७८ पासून याच चार पायऱ्यांत मोजतात म्हणे. पहिल्या दोन बऱ्या, चौथी वाईट.

त्यांनी कारण समजावलं ते असं: मेंदूच्या मधल्या पोकळ्यांच्या कडेला एक थर असतो, जिथून नव्या पेशी निघतात. तिथल्या वाहिन्या म्हणजे नुसतं जाळं, भिंतीला आधार नाही. पूर्ण दिवसांपर्यंत हा थर विरून जातो. ३२ आठवड्यांच्या आत आलेल्या बाळात तो शिल्लक असतो, आणि रक्तदाब जरा वरखाली झाला की फुटतो. बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. बायकोला आधी पोटात असताना स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती. फुप्फुसांसाठी देतात असं वाटलं होतं, ती यासाठीही कामाची असतात हे नंतर कळलं.

पुढचे सहा आठवडे माझं एकच काम. सिस्टर रोज कागदी टेपने डोक्याचा घेर मोजायची आणि मी तो लाइट बिलाच्या मागे लिहायचो. २५.५. २५.६. २५.६. २५.८. आकडा हळूहळू वाढला तर डोकं वाढतंय, एकदम उडी मारली तर पाणी साचतंय. एकदा नवी सिस्टर आली आणि २६.९ म्हणाली. माझे पाय गेले. जुन्या सिस्टरने पुन्हा मोजलं, २६.१. टेप कानावरून गेली होती. ते बिल अजून पाकिटात आहे. भरलं होतं की नाही आठवत नाही.

पोरगी आता बालवाडीत. चष्मा आहे, बाकी दंगा.

---

पांढरं_जास्वंद | रात्री १०:३०

वर प्लेटलेट्सचा उल्लेख एका शब्दात होऊन गेला, म्हणून.

माझा पहिला मुलगा जन्मतःच अंगभर लाल ठिपके घेऊन आला. प्लेटलेट्स १४ हजार (दीड लाखाच्या वर हव्यात). मेंदूत रक्तस्राव होता, तोही जुना, म्हणजे पोटात असतानाच झालेला. माझ्या स्वतःच्या प्लेटलेट्स अगदी व्यवस्थित. मग आमचे दोघांचे नमुने मुंबईला गेले आणि कळलं, बाळाने वडिलांकडून घेतलेल्या प्लेटलेट्सच्या प्रकाराविरुद्ध माझ्या शरीराने प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार केली होती. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं की होतं ना, तसंच, फक्त लाल पेशींऐवजी प्लेटलेट्सवर. आणि आरएच सहसा पहिल्याला सोडतं, हे पहिल्यालाही धरतं.

तो एकवीस दिवस होता.

दुसऱ्या वेळी हे आधीच ठाऊक होतं. पोटुशी असताना दर आठवड्याला इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन घेतली. महाग, डोकं दुखायचं, पण घेतली. मुलगी ठणठणीत आहे. कारण शोधण्याचा मला झालेला उपयोग एवढाच. पहिल्या वेळी माझ्या आत्येने विचारलं होतं, "ग्रहणात काही चिरलंस का?" मी खरोखर कॅलेंडर काढून बघितलं होतं.

---

कोठीची_वहिनी | रात्री १०:५८

@पांढरं_जास्वंद, काय लिहू कळत नाही. इथे आहे.

---

निसर्गाकडे_परत | सकाळी ७:१५

निसर्गाने बाळाला 'के' कमी दिलं असेल तर त्यामागे काही हेतू असेलच ना? जन्मल्या जन्मल्या सुई कशाला? आणि या इंजेक्शनने कॅन्सर होतो असं मी वाचलं आहे. औषध कंपन्यांचं गाव आहे आपलं, त्यांना धंदा हवाच. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

स्टेथोधारी | सकाळी ७:४०

दिवा घेतला. कॅन्सरचं मूळ १९९२ च्या ब्रिस्टलच्या एका अभ्यासात आहे. तो छापून आल्यावर खळबळ झाली, होणारच. नंतर बऱ्याच मोठ्या अभ्यासांनी तपासलं, संबंध सापडला नाही. पण भीती टिकली. २०१३ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला आठ महिन्यांत चार बाळं उशिराच्या रक्तस्रावाने आली, तिघांच्या मेंदूत. चौघांच्याही आईवडिलांनी इंजेक्शन नको म्हटलं होतं.

तोंडाने द्यायचे डोस काही देशांत चालतात, पण ते पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि ज्या बाळाला यकृताचा किंवा पित्तनळीचा त्रास लपलेला आहे त्याच्या अंगी लागत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनंतरही कावीळ उतरत नसेल आणि शी पांढुरकी असेल तर ते बाळ 'के' मिळालेलं असलं तरी दाखवायचं.

धंद्याचं म्हणाल तर ही कुपी इतकी स्वस्त आहे की तिच्यावर बंगला बांधणारा मला अजून भेटायचाय.

---

रावपुरेकर | सकाळी ८:०५

एक भाबडा प्रश्न. आमच्यात मामेबहिणीशी लग्न होतात. याच्याशी काही संबंध?

---

स्टेथोधारी | सकाळी ८:३०

भाबडा नाही, मुद्द्याचा. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो, त्याला नात्यातलं लग्न लागत नाही, आणि एक तृतीयांश घरांत तर आधी कुणालाच नसतो. पण तेराव्या घटकाची कमतरता दोन्ही बाजूंनी एकच सदोष जनुक आलं की होते, आणि नात्यातल्या लग्नात ते जुळायची शक्यता वाढते. तिची खूण म्हणजे नाळ गळताना बेंबीतून दिवसेंदिवस रक्त झिरपणं. गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या यात नॉर्मल येतात, म्हणून मुद्दाम मागावी लागते. "बेंबी ओली राहते, हळद लावतोय" असं सांगणारी आई आली की मी आता लग्न नात्यात का, हे विचारतो.

---

मकरपुरा_फिजिओ | दुपारी १:२०

सगळे कारणावर बोलताय, मी पुढचं बोलते. @कोठीची_वहिनी, मूठ बंद राहते म्हणालात. वर्षाच्या आत बाळाने उजवं-डावं ठरवायचं नसतं. ते एकाच हाताने सगळं घेत असेल तर कौतुक न करता दुसरा हात तपासायचा. त्याचा व्यायाम चालू आहे का? एवढ्या लहान मेंदूत रस्ते बदलायची ताकद आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते, पण हाताला काम मिळालं तर.

आमच्याकडे एक युक्ती आहे. चांगल्या हाताला रोज थोडा वेळ मोजा घालायचा आणि समोर आवडीची वस्तू ठेवायची. किती वेळ, ते थेरपिस्टने ठरवायचं, घरी मनाने नको. एका बाळाला आम्ही सेव-उसळीतल्या शेवेसाठी मूठ उघडताना पाहिलंय. तिखट नव्हती हो, धुतलेली होती!

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर असतं, तिथे फुकट होतं. आणि बाळ वर्षाच्या आत असेपर्यंत सरकारी दवाखान्यात आजारपणाचा उपचार, औषधं, ने-आण यांचे पैसे लागत नाहीत. आपल्याला मध्यमवर्गीयांना तिथे जायची लाज वाटते, वाटू देऊ नका.

---

कोठीची_वहिनी | रात्री ११:२५

नणंदेकडून फाइल मागवली. तिने फोटो पाठवले. पीटी: नियंत्रण (म्हणजे निरोगी रक्ताचा नमुना) १३ सेकंद, बाळाचा "१२० च्या वर". 'के' आणि प्लाझ्मा दिल्यावर आठ तासांनी १६. प्लेटलेट्स तीन लाख दहा हजार. सासूबाईंना मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. त्या बराच वेळ कागद बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणि ती बाई वर्षभर रस्त्यात दिसली की मी मान फिरवते."

नर्सिंग होमला फोन केला होता. "तेव्हाची सिस्टर आता नाही" म्हणाले. दिलं आणि लिहायचं राहिलं, की दिलंच नाही, ते आता कळायचं नाही. आकड्यांवरून काय ते दिसतंच आहे.

नणंदेला पांढरं_जास्वंद यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने बाळाचा व्हिडिओ पाठवला, उजव्या हातात मोजा, डाव्याने चमचा ढकलतोय. धरत नाही अजून. ढकलतोय.

---

कोठीची_वहिनी | तीन दिवसांनी, सायंकाळी ७:१०

आज मावशींकडे गेले होते. वाडीला एका खोलीत राहतात. मला बघून आधी उठल्याच नाहीत. मी तिथेच उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं, जमेल तसं. रक्त गोठत नव्हतं, आधीपासून, तुमच्या हाताने काही झालं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "डॉक्टर म्हणाले असं? लिहून दिलंय?" मी कागद आणला होताच. वाचता येत नाही त्यांना, तरी हातात धरला. म्हणाल्या, वर्षभर कुणाचं बाळ घेतलं की अंगठा टाळूवर टेकवत नाही, लांबूनच तेल ओघळू देते.

मग चहा टाकला. बाळाला दात किती आले विचारलं. माझं पोट बघून तारीख विचारली. मी म्हटलं, याल ना? तर म्हणतात, "आधी ते 'के' की काय ते माझ्यासमोर कार्डावर लिहून घे. सही बघीन, मगच हात लावीन."